तंत्रस्नेही व्हायचंय? खडू ठेवा खाली

गुरुजी, अभिनंदन. महिना १६ हजारांवर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढलीत, आता कायम झालात. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट एकवीस. आता पुढचं ठरवायला हवं. मुलांना वाचायला-लिहायला शिकवत बसायचं असेल तर खुशाल बसा, शेवटी शाल-श्रीफळ मिळेलच. पण नाव काढायचं असेल तर तंत्रस्नेही व्हा.

सुरुवात सोपी आहे. शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर बंद पडला की उठायचं, केबल काढायची आणि तीच परत लावायची. पडद्यावर निळं काहीतरी दिसलं की तुम्ही झालात तंत्रस्नेही. केंद्रप्रमुख तिथेच तुमचा नंबर घेतील आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज येईल: ‘अतितातडीचे. उद्या ११ पर्यंत भरणे. आपली शाळा निरंक दिसत आहे.’

२०१५ साली शाळांची माहिती ऑनलाइन भरायचं राज्याचं पोर्टल ‘सरल’ आलं, तेव्हा कागदी माहितीचा त्रास संपणार असं सगळ्यांनी ऐकलं होतं. आता तीच माहिती सरलमध्ये, केंद्राच्या यू-डायस पोर्टलमध्ये आणि एक्सेलमध्ये भरायची, शिवाय प्रिंट काढून सही-शिक्क्यानिशी पंचायत समितीत नेऊन द्यायची. पोषण आहाराचा आकडा खिचडी चुलीवर असतानाच टाकून मोकळे व्हा. दुपारी सर्व्हरही जेवायला जातो.

खरं कौशल्य लागतं ते आधारला. दाखल्यावर ज्ञानेश्वरी, आधारवर द्यानेश्वरी. पोर्टलच्या लेखी ही पोरगी नाहीच. आधार जुळलं नाही तर ती संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरली जात नाही, आणि पट खाली आला तर तुमच्यापैकी एकाचं पद जातं. तेव्हा तिच्या बापाची मजुरी बुडवून त्याला तालुक्याच्या आधार केंद्रावर पाठवा. तोवर ज्ञानेश्वरी तिसऱ्या बाकावर बसून जोडाक्षरांशी झगडत असेल. झगडू द्या, जोडाक्षरांना रकाना नाही.

मग शाळा डिजिटल करा. लोकवर्गणी काढा, टीव्ही आणा, सरपंचांच्या हस्ते फीत कापा. वीजबिल कोण भरणार हे त्या दिवशी विचारू नये, अशुभ असतं. मीटर कापून नेल्यावर टीव्हीला शिवून घेतलेलं कव्हर घाला आणि कपाटात ठेवा. फोटो मात्र आधीच भरपूर काढून ठेवलेले असावेत: मुलाचं बोट टॅबवर, नजर कॅमेऱ्याकडे. टॅब एकच असला तरी चालतो, मुलं बदलायची.

नाव झालं की भाषणं येतील. त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचा उल्लेख हवाच. तिथे शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे, एवढं सांगून पुढे सरका. त्यांनी मजकूर मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये, नेला होता आणि बक्षिसाची निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हे सांगत बसू नका. श्रोत्यांना कोड कसा बनवायचा एवढंच हवं असतं. त्यातून एखाद्याला आपणही मुलांची भाषा शिकावी असं वाटलं तर नसती पंचाईत.

आता तुम्ही तालुक्याचे सुलभक, म्हणजे शिक्षकांना शिकवणारे, मग जिल्ह्याचे. महिन्यातले आठ-दहा दिवस कार्यशाळा. विषय: ‘बालकेंद्री अध्यापनात तंत्रज्ञान’. तुमचे दोन वर्ग त्या दिवशी जोडीदार बाईंकडे, म्हणजे एका खोलीत चार इयत्ता. बाई काही बोलणार नाहीत. त्या तंत्रस्नेही नाहीत, त्यांना शिकवायला वेळ असतो. (त्यांची पहिलीची मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागतात म्हणे. पण फोटो नाहीत, मग काय उपयोग?)

एक दिवस बदली होईल. बाईंना रजिस्टरं द्या, कपाटाची किल्ली द्या, पासवर्डसुद्धा एका चिठ्ठीवर लिहून द्या. मोबाइल नंबर मात्र पोर्टलवर तुमचाच राहू द्या. मग जून आला की बाई शाळेमागच्या टेकडीवर रेंजमध्ये चढून फोन करतील, ‘सर, ओटीपी आलाय का हो?’

तुम्ही तेव्हा कार्यशाळेत असाल. फोन सायलेंटवर.