रत्नागिरी फक्त मुक्कामापुरती?

सायकलस्वारांनी रत्नागिरीत रात्र काढून लगेच पुढे सुटावं, शहरात बघण्यासारखं काही नाही, हे सायकलप्रवासावरच्या एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. सागरी मार्गावरचे चढ मारून मांड्या भरून आल्या तेव्हा आम्ही इथेच दिवसभर थांबलो, सायकली लॉजवर ठेवल्या आणि रिक्षाने फिरलो. थिबा राजवाड्याच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांवरचं कोरीव काम बघण्यातच सकाळ गेली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ साली मरेपर्यंत या वाड्यात राहिला, हे काय कमी आहे? शिवाय टिळकांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं १९३१ सालचं पतितपावन मंदिर, आणि संध्याकाळी मांडवीची जेटी.

रत्नदुर्ग किल्ला मात्र त्या दिवशी सोडा. दुखऱ्या गुडघ्यांना आणखी एक चढ कशाला?