कॉट बेसिसवरचे स्वयंपाकघर आणि कोरियन जेवण

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींमध्ये कोरियन मालिकांमुळे तिथल्या जेवणाची जी हौस निर्माण झाली आहे, ती बहुधा तिखट नूडल्सच्या पाकिटापाशीच थांबते, याचे मला वाईट वाटते. कॅफेतल्या किमती पाहून हे जेवण चैनीचे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात भात, भाज्या, आंबवलेले सोयाबीन आणि मुरवलेला कोबी यांवर उभा असलेला हा काटकसरीचा स्वयंपाक आहे, आणि एक शेगडी, दोन पातेली व चार भागीदार असलेल्या फ्लॅटमध्ये तो पोळीभाजीपेक्षाही सोपा जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. पोळ्या लाटायला कोणी पुढे येत नाही. कुकर मात्र कोणीही लावतो.

पैसे खर्च करायचे ते गोचुजांगच्या डब्यावर. मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेले सोयाबीन आणि मीठ एकत्र मुरवून ते करतात, आणि शेजवान चटणीला ती चव कधीच येत नाही, मग व्हिडिओवाले काहीही सांगोत. बाकीचे सामान मंडईत आणि वाण्याकडे मिळते. बासमतीचा मोकळा भात इथे उपयोगाचा नाही. आपला इंद्रायणी मात्र चिकटपणामुळे उत्तम जमतो. कोरियन मिरचीपूड मिळाली नाही, तर ब्याडगीच्या बिया काढून ती जाडसर कुटावी, म्हणजे रंग येतो आणि जीभही भाजत नाही. त्यांचे तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते, म्हणून आपल्याकडचे साधे तेल घालण्यापेक्षा तीळ खमंग भाजून, कुटून वरून पेरलेले बरे.

किमची, म्हणजे तो मुरवलेला कोबी, मात्र घरीच करावी. चायनीज कोबीच्या पानांना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते, आणि पानाचा जाड पांढरा देठ वाकवल्यावर कट्कन मोडेनासा झाला की कोबी तयार झाला असे समजावे. मग तो धुऊन, निथळून त्याला तांदळाच्या पिठाची पातळ खळ, लसूण, आले आणि मिरचीपूड यांचे वाटण पानापानाला लावायचे. बरणी गळ्यापर्यंत भरू नये आणि झाकण घट्ट आवळू नये, कारण आंबताना वायू तयार होतो. उन्हाळ्यात एका दिवसातच आंबट वास येऊ लागतो. तेव्हा बरणी लगेच फ्रीजमध्ये जायला हवी.

खरी भांडणे इथेच सुरू होतात. सामाईक फ्रीजमध्ये दुधाच्या शेजारी लसणाचा उग्र वास कोणालाही सहन होत नाही, त्यामुळे घट्ट डब्यात डबा ठेवणे हा किमान शिष्टाचार आहे. मूळ पाककृतीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो, म्हणून शाकाहारी सोबत्यांना आधी विचारावे. त्यांच्यासाठी सोया सॉस चालतो. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी कोरियन बौद्ध मठांतला स्वयंपाक पाहावा, कारण तिथे मांसाबरोबर या दोन्ही गोष्टी वर्ज्य असतात.

कोरियात हिवाळ्यापूर्वी घरातली आणि शेजारपाजारची माणसे मिळून किमचीचा साठा करतात. 'किमजांग' नावाची ही प्रथा युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. फ्लॅटमध्येही कोबी एकाने चिरावा, वाटण दुसऱ्याने करावे आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, म्हणजे वासाची तक्रार करायला कोणी उरत नाही. महिनाअखेरीस फार आंबट झालेली किमची फेकू नये. तेलात परतून, पाणी आणि टोफू घालून तिचा रस्सा उकळावा, कारण या रश्श्याला जुनी किमचीच लागते.