त्सुनामी आणणारा सहा सेंटिमीटरचा राक्षस

“कॅनरी बेटांजवळ समुद्राच्या तळातून माणसाएवढा राक्षसी मासा वर आला. शास्त्रज्ञांनी असा जीव कधी पाहिला नव्हता. डोक्यावर विजेचा दिवा, नर मादीच्या अंगात विरघळतो. जपानी लोक सांगतात, असा मासा दिसला की त्सुनामी येते. किनाऱ्यावरच्या नातेवाइकांना कळवा.” हे ढकलपत्र रत्नागिरीच्या मामीपर्यंत पोचलं आणि तिने मामाला बोटीवर जाऊच दिलं नाही. मामा तांडेल. धंदा बुडाला, खलाशी बसून राहिले.

मासा खरा आहे. 26 जानेवारी 2025 रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या किनाऱ्यापासून साधारण दोन किलोमीटरवर तो दिसला आणि काही तासांत मेला. शास्त्रीय नाव मेलानोसेटस जॉन्सोनाय, खोल समुद्रातला गळवाला मासा (अँगलरफिश), मादी.

आधी त्सुनामीचं बघू. जपानी समजुतीतला मासा हा नव्हेच, तो ओरफिश, कित्येक मीटर लांब. आणि ती समजूत जपानी संशोधकांनीच तपासली. 2019 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 1928 ते 2011 पर्यंतच्या, खोल पाण्यातले मासे वर आल्याच्या 336 नोंदी आणि 221 मोठे भूकंप ताडून पाहिले. मासा दिसल्यापासून तीस दिवसांत, शंभर किलोमीटरच्या आत भूकंप, असा मेळ किती वेळा बसला? एकदा. 2007 मध्ये. बाकीचे मासे काय सांगायला आले होते? आणि जानेवारी 2025 च्या माशाची त्सुनामी अजून वाटेतच आहे का?

माणसाएवढा? त्या माशाचा व्हिडिओ अगदी जवळून घेतलाय, शेजारी मापाला काहीच नाही. लांबी सहा सेंटिमीटरच्या आसपास. ताटातली मांदेली याहून मोठी असते. या जातीची पूर्ण वाढलेली मादीसुद्धा वीतभर होत नाही.

“कधी पाहिला नव्हता” म्हणे! 1864 सालीच प्राणिशास्त्रज्ञ अल्बर्ट ग्युंथर यांनी अटलांटिकमधल्या मदेरा बेटाजवळ सापडलेल्या नमुन्यावरून याचं वर्णन केलंय. वीजबीज काही नाही. पाठीवरच्या पंखाचा पहिला काटा पुढे येऊन त्याचा गळ झालाय. टोकाच्या गाठीत जिवाणू राहतात, उजेड त्यांचा. दात मात्र खरंच भीतिदायक, आतल्या बाजूला दुमडणारे. सावज आत सरकतं, मागे फिरत नाही.

नराबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. सेरॅटियास होलबोएली या भाऊबंदांत नर मादीला चावून कायमचा चिकटतो, रक्तवाहिन्यासुद्धा जुळतात. पण जॉन्सोनायचा तीनेक सेंटिमीटरचा नर तात्पुरता चिकटतो आणि काम झालं की सुटतो.