दहावी नापास माणसाचा पासपोर्ट

पासपोर्टवरचा 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी तपासणी हवी) शेरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलाही नसेल. साधारणपणे दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या पासपोर्टवर तो असतो. सौदी, कुवेत, कतार, ओमान अशा १८ देशांत कामाला जायचं तर त्याला आधी सरकारकडून क्लिअरन्स घ्यावा लागतो. नियम १९८३ च्या कायद्याचा, हेतू मजुराची फसवणूक टाळण्याचा.

हेतूशी माझं भांडण नाही. पण सूट कुणाला आहे बघा. दहावी पास असाल तर सूट, आणि इन्कम टॅक्स भरत असाल तरी सूट! बायकोमुलांनाही. पैसेवाला फसत नाही, हे कुणी ठरवलं?

एअरपोर्टवर रांगेत माझ्यापुढे असाच एक मुलगा होता. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात करार, विमा, व्हिसाची प्रत. इमिग्रेशनचा अधिकारी विचारत होता: काम काय, मालक कोण, पगार किती, पुन्हा काम काय. "साहेब, सगळं आहे बघा," म्हणत तो घामाघूम होऊन एकेक कागद पुढे करत होता. मला त्याच अधिकाऱ्याने विचारलं, "कुठे चाललात?" बस, तेवढंच. मुंबईत तर जानेवारी २०२५ पासून नोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी ई-गेट आहेत, तिथे कुणाला उत्तरंही द्यावी लागत नाहीत.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची: दहावी पास गवंडीही अशा ईसीआरवाल्या मुलाबरोबर त्याच कंपनीत, त्याच लेबर कॅम्पात राहतो. मालकाने पासपोर्ट काढून घेतले तर दोघांचेही घेतो. पण या दुसऱ्याचा करार इथून निघताना कुणीच तपासलेला नसतो. मग रक्षण कुणाचं झालं?

जानेवारी २०१८ मध्ये ईसीआरवाल्यांना नारिंगी पासपोर्ट द्यायची घोषणा झाली होती. टीका झाल्यावर महिन्याच्या आत ती मागे घेतली. शेरा मात्र तसाच राहिला.

आणि क्लिअरन्सची कटकट टाळायला एजंट काय करतात? व्हिजिट व्हिसावर पाठवून देतात. तिकडे पोचल्यावर ना करार, ना विमा. एजंटने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घ्यावं असा नियम आहे. रत्नागिरी-रायगडच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, कर्ज काढून किती मोजले ते.

तपासायचं तर सगळ्यांचे करार तपासा, पदवीधराचाही. एजंटांना धरा. माणूस कितवी शिकला ते पासपोर्टवर छापू नका. कायदा बदलायचा मसुदा २०२१ मध्ये आला होता. त्याचं पुढे काय झालं, हे कोकणातल्या खासदारांनी तरी संसदेत विचारावं.