२६० चा काटा आणि २० चा स्पीड

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मला एका सायकलवाल्या आजोबांनी ओव्हरटेक केलं. केलं ते केलं, वर मागे वळून "बंद पडली का?" असंपण विचारलं. बंद नव्हती पडली. मी स्पीडब्रेकर पार करत होतो. माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे, आणि ज्याच्याकडे स्पोर्ट्स कार असते तो पुण्यातला सगळ्यात हळू गाडी चालवणारा माणूस असतो हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं म्हणा.

गाडी जर्मन आहे. दोन दरवाजे, दोन सीटा, आणि कापडी टप, जो बटण दाबलं की मागे जाऊन घडी होऊन बसतो. कंपनीचं नाव सांगत नाही कारण पुढे जे रडगाणं आहे त्यात कंपनीचा काहीएक दोष नाही, २००९ ची गाडी आहे, एवढ्या वर्षांत आमचेपण गुडघे गेलेच की. २०२२ मध्ये रात्री दीड वाजता ती मला मोबाईलवर दिसली. रात्री दीडला माणसाने उठावं ते पाणी प्यायला, गाड्या बघायला नाही. तर गाडी होती दिल्लीत. तिकडे पेट्रोल गाडी १५ वर्षांची आणि डिझेल १० वर्षांची झाली की रस्त्यावर आणायची नाही असा तेव्हा हरित लवादाचा आदेश होता, २०१८ ला सुप्रीम कोर्टानेपण तो उचलून धरला, त्यामुळे गाडी बारा-तेरा वर्षांची झाली की तिथल्या मालकाला घाई व्हायची आणि इकडे माझ्यासारख्याला खाज. विकणारे अंकल फोनवर म्हणाले, "बेटा, सिर्फ संडे को निकाली है." तेरा वर्षांचे रविवार मोजले तर होतात पावणेसातशे, आणि काट्यावर ७८ हजार किलोमीटर, म्हणजे दर रविवारी ११५ किलोमीटर. अंकल दर रविवारी पराठे खायला मुरथलला जाऊन येत असणार अशी मी स्वतःची समजूत घातली.

बायकोला म्हटलं नव्या हॅचबॅकच्या किमतीत स्पोर्ट्स कार मिळतेय. ती म्हणाली, "अरे मग नवी हॅचबॅकच घेऊ ना." याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आता तर अजिबातच नाही. मग म्हणाली, "आपण चौघं, सीटा दोन." मी म्हटलं आलटून पालटून जाऊ.

गाडी ट्रेलरवरून अकरा दिवसांनी रात्री साडेदहाला चाकणला आली. ट्रेलरच्या फळ्यांवरून उतरवताना पुढचा बंपर खर्रकन घासला, म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीला तिने आधी नाक घासून नमस्कार केला आणि मगच चाकं टेकवली. कागदपत्रांचं फार सांगत बसत नाही. एनओसीचा फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३०, इथला नंबर घ्यायला २७, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो अगदी तस्साच, फक्त इथे नाणं कुठे लपलंय ते शोधण्यात तीन माणसं, एक बॅटरी आणि अर्धा दिवस गेला.

आता स्पीडब्रेकर. यावर मी एक छोटा कोर्स घेऊ शकतो. इंडियन रोड काँग्रेस म्हणून संस्था आहे, तिने स्पीडब्रेकर कसा असावा ते रीतसर लिहून ठेवलंय, उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे एक पसरट टेकाड, ज्याच्यावरून गाडीने २५ च्या स्पीडने सुखात जावं. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १२ सेंटीमीटरवर. म्हणजे नियमाने माझ्याकडे चांगले २ सेंटीमीटर शिल्लक राहतात. पण आपल्याकडे स्पीडब्रेकर करणारा माणूस टेप घेऊन नाही येत, तो डांबर घेऊन येतो आणि डांबर संपेपर्यंत करतो. घरापासून मेन रोडपर्यंत असे चार आहेत. पहिल्याला चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, लागला तेव्हा पोटात असं काही झालं की वाटलं माझंच काहीतरी फुटलं.

मग मी शिकलो. सरळ जायचं नाही, तिरकं जायचं. आधी पुढचं डावं चाक, मग उजवं, मग मागचं डावं, मग उजवं, असं एकेक पाऊल टाकत, म्हातारी बाई ओट्यावरून उतरते तसं. यात अडचण अशी की तिरकं जायचं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जायचं. एक रिक्षावाला थांबला, शांतपणे माझी चारही चाकं पार होऊ दिली आणि म्हणाला, "साहेब, गाडी आहे का होडी?" त्यातून सोसायटीच्या गेल्या एजीएमला गेटपाशी आणखी एक स्पीडब्रेकर मंजूर झाला, मुलं खेळतात म्हणून. त्यात माझी दोन आहेतच. ठरावाच्या विरोधात एक मत पडलं. बायकोनेसुद्धा बाजूने हात वर केला होता.

आई बरोबर असली तर मी तिला स्पीडब्रेकरच्या अलीकडे उतरवतो. वजन कमी झालं की गाडी बोटभर वर येते. पंचाहत्तरीची आई स्पीडब्रेकर चालत ओलांडते, पलीकडे उभी राहते आणि ट्रकचा क्लीनर करतो तसं हाताने "ये, ये, ये, अजून ये, बास" करते. मग परत बसते. बसणं सोपं आहे, सीट एवढी खाली आहे की माणूस आपोआप पडतो. उठताना मात्र ती एक हात माझ्या खांद्यावर, एक दारावर ठेवून "गजानना" म्हणते, आणि मेन रोडपर्यंत हे चार वेळा होतं. परवा देवळात जाताना मी हौसेने टप उघडला, तर डोक्यावरून पदर घेऊन, तोंडावरची धूळ पुसत म्हणाली, "रिक्षाने गेलो असतो तर वर टप तरी असता रे."

टपाचं दुखणं वेगळंच आहे. त्याला उघडबंद करणारी मोटर असते, आणि ती ज्याने कोणी बसवली त्याच्या गावात गुलमोहर नसावा. टप घडी होऊन जिथे बसतो त्याच्या तळाशी एक खळगा, त्या खळग्यात मोटर, आणि पाणी जायला दोन भोकं. भोकं मोकळी तोवर सगळं छान. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे, त्याची पानं जिऱ्याएवढी, ती त्या भोकांत जाऊन अशी बसतात की बूच बरं. मला हे भोकांचं प्रकरणच माहीत नव्हतं, पहिला पावसाळा तसाच गेला. जुलैमध्ये मी आणि बायको कर्वे रोडला सिग्नलला, ऊन पडलं म्हणून टप उघडलेला, तेवढ्यात एक सर आली. बटण दाबलं. मागून बादलीत बुडालेल्या मिक्सरसारखा आवाज आला, टप निम्मा वर आला आणि उलट्या झालेल्या छत्रीसारखा उभाच राहिला. बायको काही बोलली नाही. तिने पर्समधून छत्री काढली आणि उघडली. स्पोर्ट्स कारमध्ये छत्री धरून बसलेली बाई तुम्ही बघितली नसेल, पण त्या दिवशी कर्वे रोडवरच्या दीड-दोनशे लोकांनी बघितली, त्यातल्या काहींनी शूटिंगपण केलं, आणि शेजारच्या रिक्षात एक काका कोरडे ठणठणीत बसून आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी अजून विसरलेलो नाही.

तिथून माझ्या आयुष्यात मिस्त्री आले. भोसरीच्या पुढे त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. माणूस एक नंबर. त्यांनी मोटर काढली, गाळ उपसला, वायर वाढवून मोटर डिकीत वरच्या अंगाला बसवली, की परत बुडायला नको. नव्या मोटरच्या पाव किमतीत काम झालं. मग म्हणाले आता जरा फेलर बघू. मी म्हटलं काय बघू? त्यांच्याकडे एक लॅपटॉप आहे, त्याची केबल गाडीला लावली की गाडीच्या पोटातलं सगळं स्क्रीनवर येतं, आणि येतं ते शुद्ध जर्मनमध्ये. जर्मनमध्ये चुकीला, दोषाला 'फेलर' म्हणतात. मिस्त्रींच्या मते जे फेल झालंय ते फेलर, आणि खरं सांगायचं तर व्याकरणापेक्षा हे जास्त पटतं. "दादा, सतरा फेलर हायत." मी हबकलो. त्यांनी एक बटण दाबलं, सगळे पुसले, गाडी चालू केली, परत बघितलं. "आता नऊ. आठ उगाच आलेले, पाहुणे."

उरलेल्या नऊचा अर्थ लावायला मी भाचीला फोन केला. ती मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकते, तेव्हा नुकतीच ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी, पास झाली होती. फोटो पाठवले. बराच वेळाने तिचा मेसेज आला, "मामा, यात रेल्वे स्टेशन कुठे आहे किंवा कॉफी केवढ्याला असं काही असेल तर सांग, तेवढंच येतं." तरी पोरीने डिक्शनरी घेऊन एक एक शब्द फोडला. जर्मन शब्द मालगाडीसारखा असतो म्हणे, डबे सोडवत बसायचं. त्यातला एक निघाला ड्रायव्हरच्या बाजूचं दार. दार तर चांगलं होतं, नीट लागत होतं. मिस्त्रींनी दाराच्या आतली पट्टी काढली तर वायर कुरतडलेली.

उंदीर! आता उंदीर पडला गणपतीचं वाहन, त्याला वाईट कसं बोलणार, पण वाहनाने वाहनात शिरायचं म्हणजे काय. शेजारच्या साध्यासुध्या गाड्या सोडून हिच्यातच. सोसायटीत प्रत्येकाकडे उपाय आहे. एकाने डांबराच्या गोळ्या सांगितल्या, एकाने बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवायला सांगितली. मी दोन्ही केलं. आता एसी लावला की गाडीत आजीच्या ट्रंकेचा वास येतो आणि पाठोपाठ पानटपरीचा, आणि उंदीर बहुधा तंबाखूला लागलाय कारण पुढच्या महिन्यात डिकीतलीपण वायर गेली. मांजर हा उपाय मला मान्य नाही. कापडी टपावर मांजराला जी झोप लागते ती तिला जगात कुठेच लागत नसावी, आणि उठल्यावर आळस देताना ती नखं कशात रोवते ते मी बघितलंय.

पंक्चरचं सांगायलाच पाहिजे. वाईला चाललो होतो, खंबाटकीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंक्चरवाला आला, म्हणाला स्टेपनी काढा. नाही म्हटलं. जॅक? नाही. पाना? तोपण नाही. तो म्हणाला, "मग दिलंय काय गाडीत?" मी त्याला समजावलं की हे रन-फ्लॅट टायर आहेत, याच्या कडाच एवढ्या जाड असतात की हवा गेली तरी चालतं, म्हणून स्टेपनी देतच नाहीत. त्याने पहारीने टायर रिमवरून सोडवायचा प्रयत्न केला, दोन वेळा केला, मग पहारीकडे बघितलं, ती वाकली होती. म्हणाला तुम्ही तसेच जा. माहितीपुस्तकात लिहिलंय की अशा टायरवर ताशी ८० च्या वर जाऊ नका आणि ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. पुणं साठ-पासष्ट किलोमीटर. हायवेला स्पीडब्रेकर नाहीत, चेंबरची भीती नाही, मी थेट ७५ ने घरी आलो. त्या महिन्यातला माझा टॉप स्पीड तो, पंक्चर चाकावरचा.

लोक म्हणतात एक्सप्रेसवेला ने की मग. नेली. रविवारी पहाटे साडेपाचला, टप उघडून, कानटोपी घालून. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा, कारला लिमिट १००, आणि वर कॅमेरे. माझ्या गाडीच्या काट्यावर २६० पर्यंत आकडे आहेत. म्हणजे वरचे १६० मी पैसे देऊन नुसते बघायला घेतलेत. तरी शंभरला इंजिनचा जो आवाज झाला, पावशेर तुपात जिरं पडावं तसा, तेव्हा मी एकटाच गाडीत हसत होतो हे कबूल करतो. लोणावळ्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी नव्वदवर आलो, मग ऐंशीवर, आणि एका टेम्पोच्या मागे लागलो. टेम्पोत कोबी होता.

पेट्रोलचं अजून एक नवीनच निघालंय. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, आणि माझ्या गाडीच्या झाकणावर आतून लिहिलंय १० टक्क्यांच्या वर नको. जुने रबरी पाइप त्याने कडक होतात असं मिस्त्री म्हणतात, म्हणून ते दर सर्व्हिसिंगला पाइप दाबून बघतात, नाडी बघतात तसे, आणि काही बोलत नाहीत. त्यांचं काही न बोलणं मला सगळ्यात महाग पडतं.

सध्या गाडी त्यांच्याकडेच आहे. काल संध्याकाळी फोन आला, "दादा, चांगली बातमी. सगळे फेलर गेले. एकच नवीन आलाय, पण मोठा शब्द हाय, मला काय वाचता येईना." फोटो मागवला, भाचीला पाठवला. ती आता ए-टू पास झालीये, पाच मिनिटांत उत्तर आलं. म्हणाली, मामा, सोपं आहे, हे स्पीडबद्दल आहे.

"काय म्हणते गाडी?"

"म्हणतेय, चाकाकडून जो स्पीड कळतोय तो पटण्यासारखा नाही."