एका विजेत किती युनिटं?

आकाशातून पडणारी एक वीज पकडली तर अख्खं शहर उजळेल, हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. विजेत साधारण १०० कोटी ज्यूल ऊर्जा धरली, तरी ती होते २७८ युनिटं. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटचं जेमतेम महिन्याचं बिल! त्यातलीही बरीचशी हवा तापवण्यात आणि गडगडाटातच संपते. वीज पकडायला ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर मनोरे उभारले, तरी वीज नेमकी तिथेच पडेल कशावरून? स्वित्झर्लंडच्या सँटिस शिखरावर २०२१ मध्ये लेझरने विजेला सुमारे ५० मीटर वाट दाखवली, पण तो प्रयोग विजेपासून संरक्षणासाठी होता. त्यापेक्षा गच्चीवर सोलर बसवा, म्हणून मी दोन वर्षं सोसायटीच्या मागे लागलोय. पावसाळा सोडला तर ३ किलोवॅटची पॅनल एवढी युनिटं महिन्याभरात सहज देतात.