कशाचा मोल, ते सांगा आधी

मोल हा शब्द मराठीत आधीपासून सुखाने नांदत होता. मोलकरीण, मोलमजुरी, कवडीमोल, मातीमोल, मोलाचा सल्ला असं त्याचं मोठं खटलं होतं. त्यात शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून एक जर्मन पाहुणा आला, नाव सांगितलं मोल, काम सांगितलं अणू-रेणू डझनासारखे मोजायचं, आणि नावापलीकडे काडीचं नातं नसताना माजघरापर्यंत घुसला. घरचं ते मोल, पाहुणा तो मोल. लिंगातला हा एवढा फरक ज्याच्या ध्यानात आला नाही, तो पुढची तीन-चार वर्षं केमिस्ट्रीत प्रत्येक वस्तूची किंमत शोधत फिरतो.

पाहुण्याची ओळखही चुकीच्या टोकाने करून दिली जाते. पहिल्याच तासाला फळ्यावर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात असा आकडा उभा राहतो आणि वर्गाचा चेहरा पडतो. बरं, आपण काही मोठ्या आकड्यांना बिचकणारे लोक नव्हे. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकं, दहं, शतं करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशा पायऱ्या चढवत परार्धाशी नेऊन सोडलंय. परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. तिथे आपली दमछाक होते. मोलाचा आकडा तिथून पुढे चालू पडतो: असे सुमारे साठ लाख परार्ध घ्या, म्हणजे एक मोल. आणि एवढे रेणू पाण्याच्या किती साठ्यात असतात? अठरा ग्रॅम. पळी जरा ऐसपैस असेल तर केशवाय, नारायणाय, माधवाय एवढ्यात मोलभर पाणी पोटात जातं, आणि संध्येला बसलेल्या माणसाला साठ लाख परार्ध गिळल्याचा पत्ताही नसतो.

माझी खरी तक्रार पुढे आहे. ज्या आकड्याने मुलांची झोप उडते, तो गणितं सोडवताना जवळजवळ लागतच नाही. ‘अणू किती ते काढा’ असं कुणी मुद्दाम विचारलं तरच तो काढायचा. एरवी त्याचं काम सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं आहे. तो असायलाच हवा, नाहीतर सगळा व्यवहार कोसळेल. पण नांगरट करताना बैलांपुढे कुणी गट नंबर म्हणत नाही.

ज्यांच्या नावाने हा आकडा ओळखला जातो त्या ॲव्होगॅड्रोंनाही तो ठाऊक नव्हता. इटलीतल्या तुरीनचे हे गृहस्थ शिकले होते कायदा. १८११ साली त्यांनी एवढंच मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणू सारखेच असतात. किती, ते सांगितलं नाही. १८५६ साली ते वारले. अंदाजाने रेणू मोजण्याचा मार्ग ऑस्ट्रियाच्या लोश्मिट यांनी काढला १८६५ साली, आणि आकड्याला ॲव्होगॅड्रोंचं नाव दिलं फ्रान्सच्या पेरँ यांनी, १९०९ साली. म्हणजे बारसं आजोबांच्या नावाने, नातू जन्मला आजोबा गेल्यावर. ‘मोल’ हा शब्द रूढ करणाऱ्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांची तऱ्हा त्याहून न्यारी: त्या काळात त्यांचा अणूंवर विश्वासच नव्हता. ज्याने अणू मोजायच्या मापाला नाव दिलं तोच अणू मानत नव्हता! वर्गात मागच्या बाकावर बसून ‘हे असलं काही नसतंच’ म्हणणाऱ्या पोराने तेव्हा अगदीच खचून जायचं कारण नाही.

तर मग मोल लागतो कशाला? आंब्याची पेटी डोळ्यांपुढे आणा. पेटी तीच, पण फळ मोठं असेल तर चार डझनांत भरते, बारीक असेल तर सहा डझन मावतात. म्हणून बागायतदाराला कुणी ‘किती पेट्या’ एवढंच विचारून थांबत नाही, ‘कितीची पेटी’ हेही विचारतं. रसायनांच्या दुनियेत पेटी म्हणजे ग्रॅम आणि डझन म्हणजे मोल. देवघेव मात्र तिथे नगावर चालते. सोडियमचा एक अणू क्लोरीनच्या एका अणूशी जोडी जमवतो. त्याचं वजन तो बघत नाही. आपल्याला नग दिसत नाहीत, हातात तराजू तेवढा. ‘कितीची पेटी’ या प्रश्नाचं जे उत्तर, तेच मोलार वस्तुमान: एका मोलाला किती ग्रॅम.

हे उत्तर आवर्तसारणीत आयतं छापलेलं असतं. कार्बन १२.०१, ऑक्सिजन १६.००, सोडियम २२.९९. पुढे ‘ग्रॅम प्रति मोल’ लावा, झालं. क्लोरीनच्या घरात ३५.४५ दिसतं तेव्हा काही मुलं नीटनेटकेपणाच्या भरात त्याला ३५ करून टाकतात. करू नये. निसर्गात क्लोरीनच्या शंभर अणूंत सुमारे ७६ अणू ३५ चे आणि २४ अणू ३७ चे, त्यांची ती सरासरी आहे. तो साडेपस्तीसच्या आसपासच राहणार. मिठाचा मोल मग २२.९९ अधिक ३५.४५, म्हणजे ५८.४४ ग्रॅमचा.

भागायचं की गुणायचं, हा पुढचा घोळ. मोलार वस्तुमान हा ‘रुपये किलो’सारखा दर आहे हे एकदा डोक्यात बसलं की प्रश्न मिटतो. पैसे माहीत असतील तर दराने भागून किलो काढतो, तसे ग्रॅम माहीत असतील तर मोलार वस्तुमानाने भागून मोल काढायचे. चहात चमचाभर साखर घाला, पाच ग्रॅम. साखरेचा मोल ३४२.३ ग्रॅमचा. पाचला ३४२.३ ने भागलं की ०.०१४६ मोल. पण परीक्षेत हात गुणाकाराकडेच जातो आणि उत्तर येतं १७११ मोल. त्याखाली दोन रेघा मारून, चौकट करून पोरगं पुढच्या गणिताला लागतं. आता १७११ मोल साखर म्हणजे पाचशे शहाऐंशी किलो. एका कपात जवळजवळ बारा पोती साखर घातली तरी चौकटीला काही वाटत नाही. माझा सोपा तोडगा असा: हातातलं वजन एका मोलाच्या वजनाहून कमी असेल, तर उत्तर एकाहून कमीच आलं पाहिजे. चौकट काढण्याआधी एवढं बघावं.

कंसाने तर किती जणांना बुडवलंय! विझवलेला चुना म्हणजे सी ए, कंसात ओ एच, कंसाबाहेर खाली दोन. तो दोन आतल्या दोघांनाही लागू. कॅल्शियम ४०.०८ अधिक दोनदा १७.०१, बेरीज ७४.०९ च्या घरात. ज्याला दोन फक्त हायड्रोजनचाच वाटतो त्याचं उत्तर येतं ५८.०९. हे मिठाच्या ५८.४४ च्या इतकं शेजारी आहे की त्याला ते ओळखीचं वाटतं आणि आपण बरोबर असल्याची खात्रीच पटते.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे मोरचुदाचा टिंब. निळ्या मोरचुदाच्या सूत्रात कॉपर सल्फेट लिहून झाल्यावर मध्यावर एक टिंब असतो, आणि मग पाच एच टू ओ. गणितात टिंब म्हणजे गुणाकार, हे सातवीपासून रक्तात भिनलेलं. म्हणून १५९.६१ ला ९०.०८ ने गुणायचं आणि एक मोल मोरचूद चौदा किलोंच्या वर न्यायचा! इथला टिंब म्हणजे नुसतं ‘सोबत’. स्फटिकात पाण्याचे पाच रेणू सोबतीला राहतात, त्यांचं वजन मिळवायचं: २४९.६९ ग्रॅम. ०.१ मोलारचं, म्हणजे लिटरला ०.१ मोल असं, पाव लिटर द्रावण करायचं तर ०.०२५ मोल हवा, म्हणजे ६.२४ ग्रॅम. टिंबाला गुणाकार समजणाऱ्याला ३५९ ग्रॅम मोरचूद पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये कोंबावा लागेल. तो विरघळणार तर नाहीच, कदाचित मावणारही नाही, आणि त्यामुळे ही चूक निदान लपत नाही.

लपते ती दुसरी. पाणी साफ विसरून १५९.६१ धरलं की वजन येतं ३.९९ ग्रॅम. ते छान विरघळतं, द्रावण सुरेख निळं दिसतं, कुणाला शंकाही येत नाही. आणि ते ०.१ ऐवजी ०.०६४ मोलार असतं. रुपयाला चौसष्ट पैसे. म्हणून सूत्र पुस्तकातून घेऊ नये, बाटलीच्या लेबलावरून घ्यावं. पांढरी भुकटी असेल तर १५९.६१, निळे खडे असतील तर २४९.६९.

वजन करून झाल्यावरही एक खोड उरते. मोजून २५० मिली पाणी घेणं आणि त्यात खडे टाकणं. तसं नाही. खडे बीकरमध्ये शंभरेक मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचे, फनेलमधून फ्लास्कमध्ये ओतायचे, बीकर आणि फनेल दोन-तीनदा धुऊन तेही पाणी आत घ्यायचं. काचेला चिकटलेला निळेपणा हे आपलेच मोल आहेत, ते नळाखाली सोडायचे नसतात. मग पाणी फ्लास्कवरच्या खुणेच्या जवळ आल्यावर ड्रॉपरने थेंब थेंब. डोळा खुणेच्या पातळीत, आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ रेघेला टेकलेला. शेवटी बूच लावून दहा-पंधरा वेळा उलटसुलट करायचं, नाहीतर खाली गडद आणि वर फिकं असं द्रावण राहतं. एक थेंब खुणेवर गेला तर? ड्रॉपरने तेवढा काढून टाकावा हा विचार प्रत्येकाला सुचतो. त्या थेंबासोबत मोरचूदही जातो. ओता, धुवा, पुन्हा ६.२४ ग्रॅम.

मोरचूद प्रयोगशाळेबाहेरही आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. कोकणातल्या सुपारीवर आणि नाशिककडच्या द्राक्षांवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाचा ठोक हिशेब असा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. किलोला किलो, किती सरळ! पण नग मोजले तर मोरचूद चार मोल आणि चुना कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला असेल तर तो जवळजवळ अठरा मोल. चुना साडेचार पटीच्या आसपास. कारण उघड आहे, कळीच्या चुन्याचा मोल ५६ ग्रॅमचाच. एवढा जादा चुना कामी येतो, कारण तो बाजारातून येईपर्यंत हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन अर्धामुर्धा निकामी झालेला असू शकतो. म्हणून जाणता बागायतदार मिश्रणात लोखंडी विळ्याचं पातं बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवायचा. मोलाचं गणित चुकलं की विळा तांबडा होतो. परीक्षेतल्या पेपरसारखंच, फक्त इथे पानं करपतात.

२२.४ लिटरबद्दल फार बोलत नाही. शून्य अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला एक मोल वायू एवढी जागा घेतो. वायू. पाण्याला हा आकडा लावून एका मोलाची कळशी भरणारे दरसाल सापडतात. आणि बारावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे ज्याला ६.०२२ चा लॉग ०.७७९७ पाठ आहे तो मुलगा नजरेत भरतो. ते पाठांतर वाया जात नाही, पण त्याच्या मागे लागून मूळ प्रश्न मात्र सुटून जातो.

तो मूळ प्रश्न तोंडी परीक्षेत येतो. बाहेरून आलेले परीक्षक चहाचा कप बाजूला ठेवतात आणि विचारतात, “एक मोल ऑक्सिजन म्हणजे किती ग्रॅम?” सोळा म्हटलं तर ते भुवई उचलतात, बत्तीस म्हटलं तरी उचलतात. हवेतला ऑक्सिजन जोडीने राहतो, तेव्हा रेणूंचा मोल ३२ ग्रॅमचा आणि अणूंचा १६ चा. सुटायचा रस्ता एकच.

“कशाचा मोल, सर? अणूंचा की रेणूंचा?”

सर कप उचलतात. “पुढचा रोल नंबर पाठव.”